बाज, मच्छरदाणी आणि पांघरूण

मे महिना लागला की आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे रात्री घरात जीव रमत नाही. दिवसभर कवेलू तापतात, टिनाचे पत्रे तापतात, सिमेंटचा स्लॅब तर तव्यासारखा होतो. २०१९ सालच्या मे अखेरीला चंद्रपुरात पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. दिवस मावळतो, पण भिंती गरमच राहतात. मग कोणी बाज उचलून आंगणात टाकतो. कोणी ओसरीत पाणी शिंपडतो आणि जमिनीवर नुसता दुपट्टा अंथरून पडतो. मच्छरदाणी मात्र खुंटीला टांगलेली राहते.

मच्छरदाणीची गोष्ट काढली की आयाबाया सांगतात, "जाळीत जीव गुदमरते जी. मच्छर परवडले, पण ही गरमी नको." हे काही खोटं नाही. जाळी मच्छर अडवते तसा वाराही अडवते. ज्याचा घामाने डोळा लागत नाही, त्याला 'मच्छरदाणी लावा' एवढंच सांगून काय उपयोग? तो लावील आणि मध्यरात्री पायाने उडवून देईल. म्हणून आम्ही आधी गरमीचं बोलतो. झोपायची जागा थोडी थंड झाली, तर माणूस बाजेवर राहतो, जाळीतही राहतो. आणि आपल्या या जंगलाच्या मुलखात बाजेवर, जाळीत झोपणं किती गरजेचं आहे, ते पुढे येईलच.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. झोपताना अंगात काय होतं?

आपलं अंग साधारण ३७ अंश गरम असतं. संध्याकाळनंतर ते हळूहळू थंड होऊ लागतं. पहाटेपर्यंत ते सुमारे एक अंशाने उतरतं. ही उतरण झाली तरच गाढ झोप लागते. अंगातली ही ऊब बाहेर जाते ती मुख्यतः हातापायांच्या कातडीतून. लहान मूल झोपेत पांघरूण लाथाडतं आणि पाय उघडे टाकतं, ते उगीच नाही. त्याचं अंग आपली वाट शोधत असतं.

खोली फार गरम असली तर ही ऊब बाहेर जात नाही. मग अंग घाम काढतं. घाम वाळताना अंगातली ऊब सोबत घेऊन जातो. माठातलं पाणी थंड होतं ते असंच. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाऱ्याने वाळतं आणि आतलं पाणी गार होतं. पण हाच माठ आषाढात ठेवून पाहा. पाणी तेवढं थंड होत नाही. हवेतच ओल भरलेली असते, वाळायचं कसं? आपल्या अंगाचंही तसंच आहे. मे महिन्यातली कोरडी रात्र एक वेळ सोसते. रोवणीच्या दिवसांतली चिकट रात्र कमी तापमानातही जास्त छळते.

थंड देशांतल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की झोपायची खोली १८-२० अंशांची असावी. आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेलाही पारा बऱ्याचदा २८-३० च्या खाली येत नाही. तेव्हा ते आकडे त्यांच्याजवळच राहू द्या. आपलं अंग इथल्या हवेला सरावलेलं आहे. खोली दोन-तीन अंशांनी उतरली आणि अंगाला वारा लागला, एवढ्यानेही झोपेत पुष्कळ फरक पडतो.

आता घराकडे पाहू. सगळी घरं सारखी तापत नाहीत.

मातीच्या भिंती आणि वर कवेलू, अशा जुन्या घराची एक खुबी होती. गरम हवा नेहमी वर चढते. ती कवेलूंच्या फटींतून बाहेर निघून जायची. टिनाच्या घराला ही वाट नसते. टिन लवकर तापतं आणि लवकर थंडही होतं. त्यामुळे टिनाच्या घरात दुपारी थांबवत नाही, पण मध्यरात्रीनंतर बरं वाटतं. स्लॅबचं उलट. तो हळूहळू तापतो आणि घेतलेली ऊब अर्ध्या रात्रीपर्यंत खाली सोडत राहतो. घरकुल मिळालं, डोक्यावर पक्कं छत आलं, पावसाची गळती थांबली. ही मोठी गोष्ट झाली. पण मातीच्या घरात मिळणारी गारवा देणारी रात्र त्यात मिळत नाही, ही तक्रारही खरी आहे. घर बांधतानाच समोरासमोर दोन खिडक्या आणि भिंतीच्या वरच्या अंगाला एक-दोन झरोके ठेवले असते, तर पुष्कळ काम झालं असतं. ज्यांचं घर अजून बांधायचं आहे त्यांनी हे गवंड्याला आधीच सांगावं. झरोक्याला बारीक जाळी बसवावी, म्हणजे वारा जातो आणि मच्छर, उंदीर, साप येत नाहीत.

बांधून झालेल्या घरालाही उपाय आहे. मार्च महिन्यात छताला वरून चुन्याचे दोन-तीन हात द्या. पांढरा रंग ऊन परत फेकतो, काळा रंग ऊन पितो. पांढऱ्या टोपीचं आणि काळ्या छत्रीचं हे रोजचंच उदाहरण आहे. अहमदाबाद शहरात २०१७ सालापासून गरीब वस्त्यांमधल्या छपरांना असा पांढरा रंग देण्याचं काम सुरू झालं. खोली दोन-तीन अंशांनी तरी उतरते. पावसाने चुना धुऊन जातो, तर दर साली द्यावा लागतो, एवढंच. चुना नको असेल तर टिनावर वीतभर उंच बांबूचा मांडव घाला आणि त्यावर तणस किंवा पाल्याच्या फांद्या पसरा. मांडव आणि टिन यांच्यामधून हवा खेळली पाहिजे. मात्र चूल त्या अंगाला असेल तर तणस नको. ठिणगीला तेवढंच पुरतं.

दाराखिडक्यांची एक रीत ठेवा. सकाळी दहा-अकराला ऊन तापलं की सगळं बंद, वर ओलं पोतं किंवा जाड पडदा. दिवस मावळून बाहेरची हवा घरातल्या हवेपेक्षा थंड झाली की सगळं उघडं. बरेच लोक याच्या उलट करतात. दुपारी वाऱ्यासाठी दार उघडं ठेवतात, म्हणजे गरम झळ घरात घेतात. आणि रात्री सगळं बंद करून तीच झळ सोबत घेऊन झोपतात.

स्लॅबवर संध्याकाळी पाणी मारायचं ते ऊन उतरल्यावर. घरात पाणी कमी असेल तर ते छतावर मारण्यापेक्षा अंगासाठी ठेवा. झोपण्याआधी हातपाय आणि मान धुवा, ओला दुपट्टा पिळून अंगावर घ्या. थोड्याच पाण्यात एवढा गारवा दुसरीकडे मिळणार नाही.

आता अंथरुणाचं बोलू.

सुताच्या किंवा काथ्याच्या दोरीने विणलेली बाज ही आपल्या बापजाद्यांची फार शहाणी वस्तू आहे. बाजारातल्या जाड फोमच्या गादीला तिची सर नाही. बाजेला खालून वारा लागतो. पाठीचा घाम वाळतो. जमिनीपासून माणूस हात-दीड हात उंच राहतो. पण आम्ही काय पाहतो? लग्नात आलेली फोमची गादी त्याच बाजेवर टाकलेली असते, वर मखमलीसारखी चमकदार चादर. फोम ऊब धरून ठेवतो, चमकदार चादर घाम पीत नाही. रात्रभर पाठ भाजते आणि दोष मच्छरदाणीला मिळतो. उन्हाळ्यात गादी गुंडाळून ठेवा. बाजेवर शिंदीची चटई किंवा एक पातळ सुती चादर पुरे. जुनं सुती लुगडं चार पदरी केलं तर त्यासारखं अंथरूण नाही. म्हाताऱ्या माणसांची हाडं दुखतात, त्यांना खाली एक गोधडी द्या, पण सुतीच.

पंख्याचंही एक गणित आहे. पंखा हवा थंड करत नाही, नुसती हलवतो. हलत्या हवेने घाम वाळतो, म्हणून गार वाटतं. भर दुपारी खोलीतली हवाच ४० अंशांच्या वर गेली असेल, तर पंखा गरम वारा अंगावर फेकतो, लोहाराच्या भात्यासारखा. अशा वेळी अंग ओलं करून मग पंख्यापुढे बसावं. रात्री हवा उतरली की पंखा कामाचा.

कूलरला मे महिना मानवतो. कोरड्या हवेत वाळ्याची ओली ताटी चांगली गार हवा देते. पावसाळ्यात तोच कूलर खोलीत ओल भरतो आणि झोप आणखी बिघडवतो. तेव्हा मृग बरसला की कूलरचं पाणी काढून टाका, नुसता पंखा चालू ठेवा. कूलर लावला तर एक खिडकी उघडी पाहिजे, नाहीतर ओलसर हवा आतच कोंडते. त्याच्या टाकीत डेंग्यूचा मच्छर अंडी घालतो. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवावी.

आणि कूलरच्या करंटाची भीती बाळगा. लोखंडी कूलर, खाली सांडलेलं पाणी, त्यात अनवाणी माणूस. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं आणि मुलं दगावतात. पाणी टाकायच्या आधी बटन बंद करायचं आणि पिनही काढायची. तीन काड्यांची पिन आणि जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार असल्याशिवाय लोखंडी कूलर घरात आणू नये. तार जोडायला जाणता माणूसच बोलवावा. पन्नास रुपये वाचवायला शेजारच्या पोराकडून तार जोडून घेणं बरं नव्हे.

एवढं करूनही काही रात्री नकोशा होतात, तेव्हा मन जमिनीकडे किंवा आंगणाकडे धावतं. तिथं काय असतं ते आता ऐका.

पहिला, हिवतापाचा मच्छर. गडचिरोली जिल्हा अनेक वर्षे महाराष्ट्रात हिवतापासाठी सर्वांत पुढे राहिला आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची या जंगलपट्ट्यात त्याने घरंच्या घरं आजारी पाडली. इथं फाल्सिपेरम नावाचा जंतू जास्त सापडतो. तो मेंदूपर्यंत गेला तर माणूस दोन-तीन दिवसांत हातचा जातो. हा मच्छर दिवसा लपून बसतो आणि रात्री, माणूस झोपल्यावर चावतो. म्हणून मच्छरदाणी हेच त्याच्यावरचं मोठं औषध. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी आशाताईकडे बोटातलं रक्त तपासून घ्यावं आणि गोळ्या पूर्ण घ्याव्या.

दुसरी, मण्यार. हा साप काळा-निळसर असतो, अंगावर बारीक पांढरे पट्टे, बहुधा जोडी-जोडीने. दिवसा तो सुस्त असतो. रात्री उंदरांच्या, पालींच्या मागे घरात शिरतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखाली आला आणि माणसाने कूस बदलली की चावतो. नागाच्या चाव्यासारखी आग होत नाही. मुंगी चावली असं वाटतं, किंवा काहीच वाटत नाही. दाताची खूणही दिसत नाही. माणूस पुन्हा झोपी जातो. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होऊन खाली येतात, थुंकी गिळवत नाही, मग श्वास अडकतो. घरचे म्हणतात, रात्री चांगला जेवून झोपला होता, याला एकाएकी काय झालं? पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी अशा खाली पडत असतील तर साप दिसला नाही म्हणून थांबू नका. मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, चिरू नका, आवळून बांधू नका. हात-पाय हलू न देता १०८ ची गाडी बोलवा आणि मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि श्वासाचं यंत्र वेळेवर मिळालं तर मण्यारीचा माणूस वाचतो.

मच्छरदाणी मच्छरांसाठी केलेली, पण ती सापालाही अडवते. नेपाळच्या तराईत, आपल्यासारख्याच धानाच्या मुलखात, डॉक्टरांनी याची पाहणी केली. ती २००७ साली छापली गेली. मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप चावण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. अट एकच, जाळीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचलेल्या पाहिजेत. लोंबती जाळी असली तर साप खालून आत येतो.

तिसरा, बिबट. ताडोबाच्या आसपास आणि चंद्रपूरच्या कडेच्या वस्त्यांत त्याने अगदी आंगणापर्यंत येऊन माणसांवर, लेकरांवर हल्ले केले आहेत. वन खात्याचे लोक उघड्यावर झोपू नका म्हणून सांगतात. कुत्र्या-शेळ्यांच्या मागे तो येतो आणि खाली निजलेलं लेकरू त्याला शिकारच वाटतं. आंगणात निजणं सुखाचं आहे, आम्हालाही ते आवडतं. पण जंगलालगतच्या गावात ते सुख सोडलेलं बरं. घरातच, वारा येईल अशा खिडकीसमोर बाज टाका.

आता मच्छरदाणी अशी लावा की वारा लागेल. बाजारात काही जाळ्यांना वरचं छत कापडाचं असतं. वर पंखा फिरत असला तरी त्यातून वारा खाली येत नाही. वरूनही जाळीच असलेली घ्या. ती उंच आणि ताणून बांधा. अंगावर लोंबणारी जाळी वारा अडवते, शिवाय अंग जाळीला टेकलं की मच्छर बाहेरूनच चावतो. जाळी बाजेपेक्षा मोठी असावी, म्हणजे हातपाय पसरता येतात. टेबलपंखा असेल तर बाजूने, जवळ ठेवा, पण पातं आणि जाळी यांच्यात हातभर अंतर असू द्या. बाजेच्या चार पायांना चार बांबूच्या काड्या बांधल्या की कुठंही मच्छरदाणी उभी राहते. बाज खिडकीसमोर सरकवली तरी खिळे शोधायला नको.

सरकारकडून मिळणारी औषधी मच्छरदाणी वेगळी असते. तिच्या धाग्यातच औषध असतं, तिला टेकला की मच्छर मरतो. नवी जाळी एक दिवस सावलीत पसरून मग वापरावी. मळली की साध्या साबणाने, गार पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि सावलीतच वाळवा. उन्हात औषध जातं. अशी जाळी साधारण वीस धुण्या टिकते. ती नदी-नाल्यात, बोडीत धुऊ नका, त्या औषधाने मासे मरतात. आणि काही गावांत तिचा उपयोग मासे धरायला होतो, तेही आम्हाला माहीत आहे. दोन दिवसांच्या कालवणासाठी तीन वर्षांची जाळी फाडू नये.

तेंदूपत्त्याच्या हंगामात जंगलात मुक्काम पडतो. तिथं ना घर, ना पंखा. तेव्हा एक जाळी आणि चार काड्या बिऱ्हाडात घ्याच. जमिनीवरच निजायचं असेल तर खाली जाड चटई आणि जाळीच्या कडा तिच्याखाली चारही बाजूंनी दाबलेल्या. एकट्याने बाजूला झोपू नये. उरलेलं जेवण डोक्याशी ठेवू नये, त्याच्या वासाने उंदीर येतात आणि उंदरामागे साप.

हिवाळ्याचं थोडक्यात सांगतो. तेव्हा गाठ उलट्या बाजूने सोडवायची. बाजेखालून येणारा वारा आता नको. बाजेवर तणसाचा थर घाला, वर पोतं, वर गोधडी. खालची थंडी थांबली की वरचं पांघरूण कमी लागतं. कोळसा आपल्या भागात सहज मिळतो, म्हणून काहीजण पेटती शेगडी खोलीत ठेवून दार लावतात. हे करू नका. बंद खोलीत कोळशातून असा वायू निघतो की त्याला वास नाही, धूर नाही. झोपलेलं घर झोपेतच जातं. शेकायचं ते दार उघडं ठेवून, आणि निजण्याआधी शेगडी बाहेर काढून.

थंडी सर्वांत जास्त कोणाला मारते? नुकत्याच जन्मलेल्या बाळाला. मोठा माणूस कुडकुडतो आणि अंग गरम करतो. बाळाला कुडकुडता येत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ सालापासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची सेवा सुरू केली. गावातल्याच, थोडं शिकलेल्या बाया आरोग्यदूत झाल्या. त्यांच्या झोळीत वजनकाटा होता, थर्मामीटर होता, औषध होतं आणि बाळाला आत निजवायची एक उबदार पिशवीही होती. तीन वर्षांत तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू, शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा ६० टक्क्यांहून जास्त कमी झाले. हे एका पिशवीने झालं नाही. जंतूंच्या आजारावर वेळेवर औषध, आईचं दूध, स्वच्छता, सगळं त्यात आलं. पण ऊब त्यातलीच एक. २०११ सालापासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊ लागल्या, त्याची वाट या गावांनी दाखवली.

अशी पिशवी नसेल तर आईची छाती आहे. बाळाला उघड्या अंगाने आईच्या छातीशी, वरून पातळ गोधडी, डोक्याला टोपरं. जन्मल्याबरोबर आंघोळ घालू नका. आणि बाळाला थंडी आहे की गरमी, हे त्याचं पोट आणि पाय हाताने पाहून कळतं. पोट गरम आणि पायही गरम, म्हणजे ठीक. पोट गरम पण पाय थंड, म्हणजे बाळ गारठायला लागलं, जवळ घ्या. दोन्ही थंड, म्हणजे लगेच छातीशी घेऊन दवाखाना गाठा. उन्हाळ्यात मात्र तेच टोपरं आणि तीच गोधडी काढून टाका. मे महिन्यात बाळंतिणीच्या बंद खोलीत तीन कपड्यांत गुंडाळलेलं बाळ तापतं, घरचे घाबरतात आणि आणखी एक दुपटं घालतात. आधी कपडे सैल करा, खिडकी उघडा, बाळाला पाजा. अर्ध्या तासाने पुन्हा अंगाला हात लावून पाहा. तरीही अंग गरमच लागलं, किंवा बाळ दूध ओढत नसेल, तर आशाताईला बोलवा.